जाहिरातीतली गाडी मिसिंग मारते

मेस्त्रींनी पंधरा दिवस तोंड आवरून धरलं होतं. आता तोंड आवरणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे. रस्त्यानं परक्याची गाडी चालली असली तरी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, "अहो, फॅनबेल्ट बघून घ्या, आज-उद्या जाईल!" असं ओरडणारा हा माणूस. पण गेले पंधरा दिवस घरातल्याच मागच्या खोलीतून एक इंजिन ऐकू येत होतं, त्याचा चारांतला तिसरा ठोका बरोबर पडत नव्हता, आणि मेस्त्री गप्प होते. सकाळी नऊला ते इंजिन सुरू व्हायचं, जेवणापुरतं थांबायचं, आणि पुन्हा दिवे लागेपर्यंत तेच. ढक, ढक, ढुक, ढक.

मागच्या खोलीत गाडी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. घर दुसऱ्या मजल्यावर. त्या खोलीत काम करायची त्यांची मुलगी. लहानपणी हाताला लागेल ते उघडून बघायची, म्हणून नाव पडलं खुडबुडी, आणि आता चाळिशीला आली तरी तेच चालू होतं. राहायची पलीकडच्या इमारतीत, पण काम इथे, कारण ही खोली रस्त्यापासून आत होती. भिंतींना काळा स्पंज, टेबलावर कॉम्प्युटर, दोन मोठे स्पीकर आणि आवाज बनवायचे, बटणांनी खच्चून भरलेले चार डबे. त्यांच्या वायरी एकमेकींत अशा गुंतलेल्या की आईनं तिथे केर काढणं केव्हाच सोडून दिलं होतं. तिथे बसून खुडबुडी जाहिरातींना संगीत द्यायची, आणि त्यातही बहुतेक गाड्यांच्या जाहिरातींना.

मेस्त्रींना ते संगीत कधी पटलं नाही. "नुसतं ढकढक," ते म्हणायचे. "चाल कुठाय यात?"

"आहे की हो बाबा."

"असेल बाई. मला नाही सापडली."

एकदा त्यांनी तिला सरळच विचारलं होतं, की गाडीच्या जाहिरातीला नेहमी हे असलंच यंत्राचं वाजवणं का? एखादी गाणारी बाई का नाही? जाहिराती तरी कसल्या! रस्त्यावर दुसरी गाडी नाही, खड्डा नाही, सिग्नल नाही, डोंगरातून आपली एकटी गाडी चाललीय राजासारखी. त्यावर खुडबुडी म्हणाली होती, "बाबा, माणूस गायला लागला की गाडीत तो जाऊन बसतो. गाणारं कुणी नसलं की सीट रिकामी राहते, मग बघणारा बसतो." हे उत्तर मेस्त्रींना आवडलं होतं. पण आवडलं असं सांगितलं असतं तर ते मेस्त्री कसले!

आता त्यांच्या कानाबद्दल. चाळीस वर्षं मेस्त्रींनी गॅरेज चालवलं ते कानावर. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि बोनेट न उघडणाऱ्या माणसालाही पटेल असं सांगायचं, की बाबा रे, तुझं दुखणं इथे आहे. दुसरी गॅरेजवाली मंडळी अडलं की त्यांना बोलवायला यायची. त्यांची आणखी एक खोड होती. आलेल्या प्रत्येक गाडीचा आवाज ते टेपवर घ्यायचे. दुरुस्तीआधी एकदा, दुरुस्तीनंतर एकदा. कॅसेटवर गिऱ्हाईकाचं नाव, आणि एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'नंतर'. कुणी कुरकुरलं की "तुम्ही केलंत तरी काय?", तर दोन्ही बाजू ऐकवायच्या. पुढचा माणूस गप्प. अशा दोन पेट्या भरून कॅसेटी घरात होत्या.

आणि तीन महिन्यांपूर्वी हा कान सगळ्या गल्लीसमोर तोंडघशी पडला. एक टॅक्सीवाली बाई आली. म्हणाली, वेग वाढवला की किणकिण होतं हो काहीतरी. मेस्त्रींनी कान लावला. किणकिण काही नव्हतं. "तुम्हाला भास होतोय," ते म्हणाले. "पण खाली एक बारीक ठोकतंय, बेअरिंग असणार." मग इंजिन उतरवलं, चार दिवस बाईंची गाडी उभी, बाई बसनं फिरल्या, आणि बेअरिंगं निघाली सगळी ठणठणीत. गाडी पुन्हा बांधली तरी किणकिण होतीच. शेवटी समोरचा गॅरेजवाला गाडीखाली सरपटत गेला, सायलेन्सरवरच्या पत्र्याचा एक स्क्रू त्यानं आवळला आणि हात झटकत उठला. संपली किणकिण. तो तोंडावर हसला नाही, ते जास्त लागलं. मेस्त्रींनी बाईंची हात जोडून माफी मागितली आणि त्या दिवसापासून शटर खाली. उद्या, शनिवारी सकाळी, हत्यारं विकत घेणारा माणूस येणार होता. पाने, जॅक, इंजिन उचलायची साखळी, सगळं उचलून नेणार होता. कान गेलेल्या मेस्त्रीनं हत्यारं कशाला ठेवायची, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं, आणि तिनं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

तर असा माणूस. आता त्यानं तोंड उघडावं तरी कसं?

कारण गोष्ट इथे आणखी अडली होती. खुडबुडीनं हे इंजिन घेतलं होतं त्यांच्याच कॅसेटवरून. विचारून घेतलं होतं. लाँड्रीवाल्याची जुनी व्हॅन, बाजू 'नंतर', अक्षर मेस्त्रींचं. इंजिनाचे ठोके इतक्या संथ चालीत पडत नाहीत, तिनं ते ताणून हळू केले होते आणि त्यावर सगळं संगीत रचलं होतं. म्हणजे बघा. बाजू 'नंतर' असेल आणि तरी तिसरा ठोका दुबळा पडत असेल, तर मेस्त्रींनी तेव्हा लाँड्रीवाल्याला आजारी गाडी बरी म्हणून दिली होती. आणि तेव्हा ती खरोखर बरी असेल, तर आत्ता त्यांचे कान खोटं सांगत होते. तेव्हाचा कान खोटा की आताचा? दोन्हीकडून ते स्वतःच गोत्यात येत होते. पंधरा दिवस त्यांनी यावर कूस बदलत विचार केला होता आणि बायकोला सांगितलं होतं की पित्त झालंय.

शुक्रवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन खुडबुडीच्या दाराशी आले. ती फोनवर होती. पलीकडे जाहिरात कंपनीचा माणूस, ज्याला ती घाईवाले म्हणायची, कारण 'जरा घाई आहे' याखेरीज त्याचं दुसरं कुठलं वाक्यच नव्हतं.

"हो, पाचपर्यंत देते. हो हो, पाच म्हणजे पाच. ऐकायला कोण कोण असणार?" ती थांबली. "गाडीच्या कारखान्यातली इंजिनवाली माणसं पण? बरं. येऊ देत की."

मेस्त्रींनी कान टवकारले. कारखान्यातली इंजिनवाली माणसं! म्हणजे कानानं जगणारी माणसं. त्यांच्या नव्या कोऱ्या गाडीच्या जाहिरातीत मिसिंग मारणारं, ठोका चुकवणारं इंजिन वाजणार, आणि ते देणार आपली मुलगी. आपलं हसं झालं ते झालं. पण पोरीचं? म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणाली तर म्हणू दे, असं मनाशी म्हणून ते आत शिरले.

"खुडबुडे, तुझं इंजिन मिसिंग मारतंय."

ती हसली. "आज चहाबरोबर थट्टा पण आणलीत वाटतं."

"थट्टा नाही करत. तिसरा ठोका दुबळा आहे आणि उशिरा पडतोय. केसाएवढा. पण पडतोय. लाँड्रीवाल्याची गाडी मी तशी सोडली असेन तर माझं नाक काप. पण त्या कारखान्यातल्या लोकांसमोर हे लावू नकोस. ते पहिलं विचारतील, कुठल्या गॅरेजनं ही गाडी अशी सोडली."

खुडबुडीचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिनं खुर्ची फिरवली आणि ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? ऐकू येतंय."

"बाबा, तुमची गाडी सरळ होती. एकदम सरळ. चारही ठोके सारखे. ते मला सपाट वाटलं, म्हणून तिसरा मीच मागे ओढला. सेकंदाचा पन्नासावा भाग. आणि थोडा हलका केला. घाईवाल्यांना आवडलं, म्हणाले पाय आपोआप हलतो. पण का आवडलं ते कुणालाही सांगता आलं नाही. त्यांच्या साउंडवाल्यालासुद्धा."

मेस्त्री खाली बसले. खुर्ची नव्हती, एका रिकाम्या खोक्यावरच बसले. "म्हणजे तेव्हाची गाडी बरी होती."

"हो."

"आणि आत्ता मला ऐकू आलं ते पण बरोबर."

"अहो, हो!"

"हे बघ, मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. परीक्षा घे."

मग सुरू झाली परीक्षा. खुडबुडीनं त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, चार ठोक्यांपैकी कुठला तरी एक मागेपुढे करायचा आणि लावायचं. "दुसरा," मेस्त्री म्हणायचे. बरोबर. "पहिला, आणि या वेळी लवकर पडतोय." बरोबर. "आता सगळे सरळ आहेत, मला फसवतेस काय?" बरोबर. ती आणखी बारीक करत गेली, सेकंदाचा शंभरावा भाग, त्याहून कमी. शेवटी तिला स्वतःला काही कळेना, ती पडद्यावर बघून ताडत होती, आणि म्हातारा भिंतीकडे बघत मान हलवून "चौथा, चौथा" म्हणत होता. ती आनंदानं किंचाळलीच.

"अगं, इकडे ये!" मेस्त्रींनी बायकोला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली. "तो उद्या येणारा माणूस आहे ना, त्याला फोन कर. येऊ नको म्हणावं. कान शाबूत आहे!"

"मी म्हणतच होते," ती म्हणाली. अहो, ती असं कधीच म्हणाली नव्हती. ती रडली होती आणि अबोला धरला होता, एवढंच. पण आता तिचा चेहरा असा फुलला होता की तिला कोण काय म्हणणार!

इथेच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण खुडबुडीला वाटलं, एवढा कान आहे तर पुरं संगीत एकदा ऐकवू. तीस सेकंदांची तर जाहिरात. "बाबा, यात वर एक किणकिण आहे. काचेसारखी, बारीक. सगळी चाल तीच धरते. ती कुठे सुरू होते ते मला ठरवता येत नाहीये. तुम्ही ऐका. सुरू झाली की हात वर करा, आणि तिथे घाई वाटते की बरोबर वाटतं ते सांगा."

मेस्त्री रुबाबात बसले. संगीत सुरू झालं. ढक, ढक, ढुक, ढक. मग खालून एक जाड घुमणारा सूर आला, त्याला त्यांनी मान डोलावली. हात मांडीवर तयार होता. दहा सेकंद झाली, वीस झाली. शेवटचा ठोका पडला आणि सगळं थांबलं.

"कुठाय?" मेस्त्री म्हणाले. "घालायची राहिली वाटतं."

त्यांनी मान वळवली. खुडबुडी टेबलाकडे बघत होती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "पहिल्यापासून तर वाजतेय."

"परत लाव."

परत लावलं. खुडबुडीनं ती किणकिण मोठी केली. बायकोनं कानांवर हात ठेवले, इतकी मोठी केली. मेस्त्रींना काही नाही. "बंद कर," ते म्हणाले. नाही म्हणता म्हणता बायकोच्या तोंडून निघूनच गेलं, की दारावरची घंटा तरी तुम्हाला कुठे ऐकू येते, मला वाटायचं मुद्दाम उठत नाही. कपड्यांचं यंत्र धुणं झालं की टी-टी करत बसतं आणि तुम्ही शेजारी पेपर वाचता. असं ती आपलं सांगत गेली आणि मध्येच गप्प झाली.

"बाबा, वय झालं की सगळ्यांचंच वरच्या सुराचं ऐकणं जातं," खुडबुडी म्हणाली. "माझंही जाईल. खालचं तुमचं आहे, आणि असं आहे की बाकी कुणाचं नाही. आत्ताच बघितलं आपण."

"तसं नाही गं." मेस्त्री म्हणाले. "ती टॅक्सीवाली बाई. तिला किणकिण ऐकू येत होती. पत्राच तो, किणकिणणारच. मला ऐकू आलं ते त्याच पत्र्याचं खालचं ठोकणं असणार. आणि मी तिला म्हणालो, भास होतोय. गाडी तिची, रोज ती चालवणार, बारा-बारा तास, आणि मी तिला सांगतो भास होतोय! कान जातो गं, जाऊ दे. डोळे जातात, दात जातात. पण मला ऐकू आलं नाही म्हणजे ते नाहीच, हे मी कुठनं काढलं?" त्यांनी तळहातांनी तोंड पुसलं. "त्या माणसाला येऊ दे उद्या. नेऊ दे सगळं. मला लाज वाटते."

आणि ते उठून निघाले. फार वाईट वाटलं हो बायकोला. ती दारातच उभी राहिली, बाजूला होईना.

तेवढ्यात खुडबुडी म्हणाली, "आणि माझं काय?"

"तुझं काय?"

"पाचला द्यायचंय. मिसिंग मारतंय म्हणालात आणि निघालात. गिऱ्हाईकाला असं अर्धवट सोडतात का?"

मेस्त्री थबकले. पोरगी अगदी त्यांच्यावर गेली होती, नेमका कुठे पाना लावायचा ते तिला ठाऊक होतं. ते परत येऊन खोक्यावर बसले. "सरळ कर ठोका," ते नाराजीनं म्हणाले. तिनं सरळ केला. दोघांनी ऐकलं. इंजिन निरोगी झालं होतं आणि गाणं पार झोपलं होतं. चाळीस वर्षं इंजिनं सरळ करण्यात घालवलेला माणूस, पण त्यालासुद्धा कळलं.

"गेलं की गं," मेस्त्री म्हणाले.

"मग? म्हणूनच ओढलं होतं ना मी."

मेस्त्रींनी डोळे मिटले. मिटून पाच मिनिटं बसले. जेवणाचं विचारायला बायकोनं तोंड उघडलं तर तिला हातानंच थांबवलं. मग म्हणाले, "इंजिनाला लंगडं करू नको. गाडी विकायची आहे ना? मग इंजिन सरळच चालू दे. पण गाडीत बसलेला माणूस काय इंजिनासारखा बसतो? तो बोटांनी स्टेअरिंगवर ताल धरतो, एखाद्या वेळी मागे राहतो. तसलं काहीतरी शेजारी घाल. लंगडायचं ते त्याला लंगडू दे."

खुडबुडीनं टेबलाच्या लाकडावर बोट आपटून तसलाच आवाज टिपला, इंजिनाच्या शेजारी ठेवला आणि त्याचा तिसरा ठोका मागे ओढला. लावलं. बायकोचा पाय दारातल्या दारात हलायला लागला. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुढे कामाला लागले. जेवण टेबलावरच झालं, वायरींच्या मध्ये. खालचा घुमणारा सूर दोन जागी इंजिनाला झाकून टाकतोय, हे मेस्त्रींनी पकडलं. पावणेपाचला खुडबुडीनं सगळं पाठवून दिलं. घाईवाल्यांचं लगेच उत्तर आलं, की मिळालं, बोटांचं फार छान, हे सुचलं कुणाला? तिनं लिहिलं, आमच्या मेस्त्रींना.

मेस्त्री उठू लागले तर ती म्हणाली, "थांबा. गिऱ्हाईकाचं झालं. आता माझं एक काम आहे."

तिनं पडद्यावर ती वरची किणकिण एकटीच उघडली. बाकी सगळं बंद केलं. "ही मी खाली आणते. जशीच्या तशी, फक्त खालच्या सुरात. ऐकू आली की सांगा." आणि वडिलांच्या डोक्यावर तिनं मोठाले हेडफोन नीट बसवले, लहान मुलाला कानटोपी घालावी तसे.

एक पायरी खाली आणली. मेस्त्रींनी मान हलवली, नाही. आणखी एक. नाही. आणखी एक पायरी खाली आली आणि मेस्त्रींचे डोळे मोठे झाले.

"आली," ते म्हणाले. हेडफोनमुळे जरा मोठ्यानंच. "अगं, आली! ही तर... ही चाल आहे."

"हो बाबा."

त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. तीस सेकंदं संपली. त्यांनी बोटानं खूण केली, परत. पुन्हा संपली, पुन्हा परत. किती साधी चाल होती ती! वर चढायची, एका जागी अडखळल्यासारखी थांबायची आणि मग अशी काही उतरायची की पुन्हा ऐकावीशी वाटायची. मेस्त्रींनी चौथ्यांदा ऐकून हेडफोन काढले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"अशा चाली तू किती वर्षं करतेस?"

"चौदा."

"सगळ्यांत आहे? त्या आधीच्या लाल गाडीच्या जाहिरातीत पण?"

"सगळ्यांत. मला वर बारीक आवडतं. नेहमी वरच असते."

"आणि मी घरभर सांगत फिरायचो, माझ्या मुलीच्या संगीताला चाल नाही म्हणून." त्यांनी तिचा हात धरला. धरूनच ठेवला. "अगं, एकदा भांडायचंस तरी. म्हणायचंस, बाबा, आहे चाल, तुम्ही बहिरे आहात."

"म्हणत होते की, आहे म्हणून," खुडबुडी म्हणाली, आणि एवढा वेळ धीर धरून बसलेली ती पोरगी रडायला लागली.

बायकोनं दोघांनाही पाणी आणून दिलं. मग तिचा फोन वाजला. हत्यारं विकत घेणारा तो माणूस, त्याला सकाळपासून ती विसरलीच होती. उद्या नऊला टेम्पो घेऊन येऊ ना, असं विचारत होता. तिनं फोन नवऱ्यापुढे धरला.

"उद्या नको," मेस्त्री फोनवर म्हणाले. "उद्या मला वेळ नाही. मुलीची चौदा वर्षांची गाणी ऐकायची राहिलीत."

पलीकडून तो काहीतरी म्हणाला.

"परवा पण नको. परवा एका टॅक्सीवाल्या बाईंकडे जायचंय. त्यांना सांगायचंय, तुमचं खरं होतं." मेस्त्री पुढे म्हणाले. "आणि हत्यारं विकायची नाहीत. गॅरेज उघडणार आहे मी. तुमच्या गाडीला काही झालं तर घेऊन या. पण शेजारी बसावं लागेल. तुम्हाला काय ऐकू येतं ते आधी तुम्ही सांगायचं, मग मी."

फोन ठेवून त्यांनी हेडफोन पुन्हा स्वतःच डोक्यावर चढवले. "हं," ते मुलीला म्हणाले, "पहिल्या वर्षापासून सुरू कर."